पारनेरचा सेनापती आणि मुळशीचे पाणी

प्रवरेच्या पाटाला आवर्तन सुटले की आमच्या बेलापुरात माणसांची चाल बदलते. एरवी पारावर तासन् तास बसणारा माणूस टॉवेल खांद्यावर टाकून चारीकडे निघतो. पाटकऱ्याला चहा पाजायला चार जण पुढे होतात. सात नंबरचा अर्ज कुणी भरला, कुणाचा राहिला, पाळी दिवसा येणार की रात्री, यावरच घराघरांत बोलणे चालते. मी बँकेत होतो तेव्हा पीककर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी मीही हेच विचारीत असे. जमीन किती, हा प्रश्न नंतरचा. पाणी कुठले, हा आधीचा.

आमच्या भागाचे हे भाग्य वर अकोल्याच्या डोंगरात भंडारदऱ्याला ठरले. धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. प्रवरेच्या दोन्ही पाटांनी ऊस आणला, उसाने हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना आणला, आणि बेलापूर स्टेशनाभोवती श्रीरामपूर हे नवे गाव उभे राहिले. आजही त्या गावाच्या स्टेशनावर पाटी बेलापूरचीच आहे. नवखा पाहुणा तिथे उतरतो आणि गोंधळतो.

भंडारदऱ्याला तो सोहळा होत होता, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील पारनेरचा एक माणूस दूर सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात सक्तमजुरी भोगत होता. त्याचा अपराधही धरणाशीच जोडलेला होता. बरोबर दोन वर्षांपूर्वी, ९ डिसेंबर १९२४ रोजी, त्याने मुळशीच्या धरणाच्या कामावर जाणारी रेल्वेगाडी रुळांवर धोंडे रचून अडवली होती. पांडुरंग महादेव बापट हे त्याचे नाव. महाराष्ट्र त्यांना सेनापती बापट म्हणून ओळखतो. पुण्यामुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत, त्यांवरून रोज लाखो माणसे जातात. हा सेनापती कोणत्या लढाईचा, हे मात्र त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असेल.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, पारनेरचा. मूळ घराणे रत्नागिरीकडचे, पण वाढले पारनेरच्या माळावर. पारनेर हा कमी पावसाचा तालुका. बेलापूरचा मुलगा पाटात पोहायला शिकतो, पारनेरचा मुलगा आड किती खोल गेला ते शिकतो. बापट बुद्धीने तल्लख. नगरला शिकून मॅट्रिकला त्यांनी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बी. ए. केले, आणि मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर १९०४ साली विलायत गाठली. स्कॉटलंडात एडिंबरोला यंत्रशास्त्राचा अभ्यास सुरू झाला. सगळे सरळ चालले असते, तर एखाद्या मोठ्या प्रकल्पावर साहेबी टोपी घालून उभा राहिलेला इंजिनिअर म्हणून त्यांचे आयुष्य गेले असते. पुढे ज्या धरणाशी त्यांनी भांडण मांडले, तसल्याच एखाद्या धरणावरसुद्धा.

पण ते सरळ चालणारे नव्हते. हिंदुस्थानातील इंग्रजी राज्याविरुद्ध ते तिथे जाहीरपणे बोलले आणि शिष्यवृत्ती बंद झाली. लंडनला इंडिया हाऊसमध्ये श्यामजी कृष्णवर्मा आणि सावरकर यांच्या वर्तुळात ते आले. तेथून पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बाँब बनवण्याची विद्या मिळवली, आणि ती माहिती घेऊन १९०८ साली ते परतले. त्याच वर्षी मुझफ्फरपूरला बाँब फुटला, अलीपूरचा खटला उभा राहिला, बापटांचे नाव पुढे आले आणि ते भूमिगत झाले. १९१२ मध्ये पोलिसांनी त्यांना पकडले. पुढे सुटका झाली आणि ते पारनेरला आले.

इथे त्यांच्या चरित्रातला एक भाग येतो, जो बाँबच्या गोष्टीपुढे झाकला जातो. विलायतेहून आलेल्या या माणसाने गावात हातात झाडू घेतला. रस्ते झाडले, घाण उपसली. १९१४ साली मुलगा झाला तेव्हा बारशाची पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या गावकऱ्यांची बसवली. त्या काळात पारनेरसारख्या गावी ब्राह्मणाच्या घरात असे घडणे म्हणजे काय, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. झाडू पुढे आयुष्यभर त्यांच्या हातून सुटला नाही. पुण्याला जाऊन त्यांनी टिळकांच्या मराठा पत्रात काम केले, तिथेही पहाटे रस्ते झाडणे चालू राहिले. मुळशीच्या माणसाशी त्यांची गाठ पडली ती या वाटेने. पुढारी म्हणून व्यासपीठावरून ते तिथे गेलेच नाहीत.

मुळशी पुण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीत. तिथे नीला आणि मुळा या नद्यांचा संगम होतो. (ही मुळा पुण्याची, आपल्या राहुरीची नव्हे.) पाऊस धो धो, खाचरांत आंबेमोहर भात, आणि मावळ्यांची लहान लहान गावे. या खोऱ्यात बांध घालून पाणी अडवायचे, बोगद्यातून ते पश्चिमेला न्यायचे आणि सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिऱ्याला सुमारे पाचशे मीटर खाली सोडून वीज करायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. कंपनीचे खोपोलीचे वीजघर १९१५ सालीच सुरू झाले होते. मुंबईच्या गिरण्यांना कोळसा महाग पडत होता, धुराने शहर काळवंडत होते, आणि पाण्यापासून वीज करणे हे देशी उद्योगाचे मोठे धाडस होते. हे सारे खरे. त्या विजेवर मुंबई वाढली आणि त्या मुंबईने आपल्या सर्वांच्या मुलांना नोकऱ्या दिल्या, हेही खरे.

पण मुळशी खोऱ्यातली पन्नासएक गावे आणि दहा-अकरा हजार माणसे त्या पाण्याखाली जाणार होती. त्यांना कुणी विचारले नव्हते. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यात विचारण्याची गरजही नव्हती. सार्वजनिक हिताचा शिक्का बसला की जमीन घ्यायची आणि मोबदला द्यायचा, एवढे पुरत असे. तो कायदा किती चिवट निघाला पाहा. स्वातंत्र्यानंतरही तो चालू राहिला, २०१३ साली संसदेने नवा कायदा केला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो अमलात आला, तेव्हा कुठे जुना गेला.

विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून मावळ्यांची संघटना बांधली. शिवरामपंत परांजपे, न. चिं. केळकर अशी पुण्यातली मंडळी पाठीशी आली. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. जीव देऊ पण जमीन देणार नाही, असा त्यांचा निर्धार होता. बायकाही मागे राहिल्या नाहीत. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी संघटितपणे दिलेल्या जगातल्या अगदी पहिल्या लढ्यांत अभ्यासक आज मुळशीची गणना करतात. गांधीजींनी त्या वर्षी टाटांना या लोकांचा विचार करण्याची विनंती केली. काम काही महिने बंद राहिले आणि १९२१ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाले. मग सत्याग्रही कामाच्या जागी जाऊन बसत, पोलिस त्यांना उचलून नेत, शिक्षा होत, सुटले की पुन्हा येऊन बसत. या दुसऱ्या फेरीपासून लढ्याचा भार बापटांवर आला. तेही पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले आणि पुन्हा पुन्हा मुळशीला परतले. इथेच लोकांनी त्यांना सेनापती म्हटले.

हा लढा आतून का पोखरला गेला, हे समजायला मला माझ्या नोकरीने मदत केली. मुळशीच्या पुष्कळ जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या. कसणारा मावळा, मालक सावकार. जमीन गेली तर कसणाऱ्याचे सर्वस्व जाणार होते. सावकाराला मात्र कधीतरी वसूल होणारे येणे एकदम रोख मिळणार होते. म्हणून मोबदल्याचा दर वाढवून घेऊन तडजोड करावी, असे मालकांना वाटू लागले, आणि पुण्यातल्या पुढाऱ्यांचा एक गट त्यांच्याकडे झुकला. ज्याचे नाव कागदावर त्याचा होकार सरकारला मिळाला. ज्याचे पाय चिखलात त्याचा नकार मोजायला रकानाच नव्हता.

नोकरीत असताना काही वर्षे मी अकोले तालुक्यातील एका शाखेत होतो. निळवंडे धरणात जमीन गेलेला एक म्हातारा मोबदल्याचा धनादेश घेऊन माझ्या टेबलापुढे बसला. मी त्याला मुदत ठेवीचे व्याज समजावून सांगत होतो. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने विचारले, की या व्याजात माझ्या वावरातला तांदूळ दर साली येईल का, आणि माझ्या नातवालाही येत राहील का. मी पेन्सिल घेतली, त्या वर्षीचा तांदळाचा भाव घातला आणि आकडा काढला. पहिल्या वर्षी येत होता. पुढे भाव वाढत जाणार आणि व्याज तेवढेच राहणार, हे मला कळत होते, त्यालाही कळले असावे. दीड वर्षात त्या ठेवीतून मुलीचे लग्न झाले, एक मोटारसायकल आली, भावकीतले जुने देणे फिटले आणि खाते रिकामे झाले. त्याने उधळपट्टी केली असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या धान्य साठवले गेले, त्याला रोकड साठवायला कुणी शिकवले नव्हते. मुळशीचा विचार करताना मला तो म्हातारा आठवतो. १९२१ सालच्या मावळ्यापुढे तर बँकेचे टेबलही नव्हते, सावकाराची वही तेवढी होती.

१९२४ येईपर्यंत लढा थकला होता. गांधीजींनी तो थांबवण्याचा सल्ला दिला. बहुतेक मालकांनी मोबदला स्वीकारला आहे आणि लढ्याच्या म्होरक्याचा अहिंसेवर पुरता विश्वास नाही, ही त्यांची कारणे होती. दोन्ही चुकीची नव्हती. बापट अहिंसेला मानत, पण तिच्यापाशी थांबत नसत. अन्याय करणाऱ्याला प्रसंगी बळानेही रोखावे, मात्र केलेले लपवू नये आणि शिक्षा आनंदाने भोगावी, असा त्यांचा स्वतःचा सत्याग्रह होता. त्याला ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. ९ डिसेंबरला थोड्या साथीदारांसह शस्त्र घेऊन त्यांनी गाडी अडवली, ती या विचाराने. कृत्य नाकारले नाही. सात वर्षांची शिक्षा झाली.

त्या गाडीवरची माणसेही पोटासाठी आलेली गरीब माणसेच असणार, ही गोष्ट मला नेहमी बोचते. बापटांचा हा मार्ग मला पटत नाही. पण तो पटत नाही म्हणून त्यांचा प्रश्नही बाजूला सारायचा, ही सोय आपण फार वर्षे करून घेतली.

ते तुरुंगात असतानाच, १९२७ साली, भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. १९३१ मध्ये बापट सुटले, तेव्हा मुळशीच्या खाचरांवर चार पावसाळे पाणी उभे राहिले होते. लढाई संपूर्ण हरलेला सेनापती घरी आला होता. अशा वेळी माणसे कडवट होतात, नाहीतर आठवणी सांगत बसतात. बापटांनी दोन्ही केले नाही. महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि लवकरच भाषणांबद्दल पुन्हा तुरुंग आला, तो १९३७ पर्यंत. पुढे सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचे काम केले, हैदराबाद संस्थानातल्या लढ्यात उतरले. स्वातंत्र्य आले तेव्हा वय सदुसष्टीला टेकले होते, तरी १९५५ साली गोव्याच्या सत्याग्रहात ते होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही होते. अरविंदांच्या दिव्य जीवन या अवघड ग्रंथाचा त्यांनी मराठी अनुवाद केला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत ते वारले. मागे इस्टेट काही नव्हती.

मुळशीचे पाणी मात्र अजून वाहते आहे, आणि त्याच्याबरोबर तो प्रश्नही. मुळशीचे पाणी अडवले नसते तर ते भीमेत आले असते आणि आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंदे, कर्जतच्या कडेने उजनीकडे गेले असते. आता ते वीज करून कोकणात उतरते. कृष्णा खोऱ्याच्या पाणीतंट्यात बच्छावत लवादाने टाटांच्या धरणांतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली. कोणत्याही एका वर्षात ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. म्हणजे सरासरीने वर्षाला ४२ टीएमसी. भंडारदरा भरल्यावर ११ टीएमसी असते. जवळजवळ चार भंडारदरे दर वर्षी दुष्काळी मुलखाकडे पाठ फिरवून जातात, असा हा हिशेब. आता वीज कोळशातून, वाऱ्यातून, उन्हातूनही होते, तेव्हा हे पाणी पूर्वेला वळवावे, अशी मागणी भीमा खोऱ्यातून अनेक वर्षे होत आली आहे. शंभर वर्षांपूर्वी मावळ्यांनी विचारलेले आज सोलापूरकर वेगळ्या शब्दांत विचारत आहेत. पाणी कुणाचे, आणि ते ठरवायला बसताना कुणाला बोलवायचे.

भंडारदऱ्यालाही वीज होते. पण तिथले पाणी वीजघरातून बाहेर पडले की पुन्हा प्रवरेत येते आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून आमच्या पाटांना लागते. एकच पाणी आधी दिवा लावते आणि मग पीक भिजवते. वीज आणि शेती यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही. आखणी करताना दोघांना एका खोऱ्यात ठेवले की पुष्कळ भांडण टळते.

आम्हा बेलापूरकरांची मान मात्र इथे फार ताठ होऊ नये. भंडारदऱ्याखाली गेलेल्या जमिनी अकोल्याच्या डोंगरातल्या लोकांच्या होत्या. त्यांच्या नावाची पाटी आमच्या एकाही चारीवर नाही. उसासाठी कारखान्याला जमिनी खंडाने देणाऱ्या आमच्याच शेतकऱ्यांच्या त्या जमिनी पुढे कमाल धारणा कायद्यात शेती महामंडळाकडे गेल्या, आणि खंडकऱ्यांच्या वारसांना त्या परत मिळू लागायला २०१२ साल उजाडावे लागले. जमीन एकदा हातातून सुटली म्हणजे काय होते, हे कळायला आम्हाला मुळशीला जाण्याची गरज नव्हती.

आणि खाली जायकवाडी आहे. २००५ च्या कायद्याने खोऱ्यातल्या पाण्याचे समन्यायी वाटप आले. तेव्हापासून तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचा हुकूम निघाला, की आमच्याकडे मोर्चे निघतात. आमचे पाणी पळवले, असे आम्ही म्हणतो. मीही म्हटले आहे. पण मराठवाड्यातला पाहुणा जेवायला बसला असता हे वाक्य तोंडातून काढताना जीभ अडखळते. त्याच जायकवाडीच्या पाण्याखाली आपल्या शेवगाव-नेवाशाच्या जमिनी गेल्या आहेत, हेही तेव्हाच आठवते. वरच्याचे खालच्याने ऐकावे आणि खालच्याचे वरच्याने, याला कायदा पुरत नाही. समोरासमोर बसून हिशेबाची वही उघडी ठेवावी लागते. मुळशीच्या वेळी ती वही उघडलीच गेली नाही.

मागच्या उन्हाळ्यात नातवाला घेऊन पारनेरला गेलो होतो. वाटेत त्याने विचारले, आजोबा, ते बापट जिंकले का हरले? मी म्हणालो, धरण झाले, म्हणजे हरले. त्याला ते पटले नाही. हरलेल्या माणसाचे नाव मग रस्त्याला कशाला देतात, असे त्याने विचारले. मला लगेच उत्तर सुचले नाही. घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. पाळी आमची होती, आणि चारीवर बारे धरायला कुणीतरी जायला हवे होते. बॅटरी घेऊन मीच निघालो.